भाकरी तुटते, चिरते, फुगत नाही: हाताला नावं ठेवण्याआधी पीठ बघा

गंमत बघा, भाकरीला घाबरणारी माणसं पोळीला अजिबात घाबरत नाहीत. डब्याच्या वीस पोळ्या बोलता बोलता लाटून टाकणारी बाई, पण ज्वारीचं पीठ काढलं की लगेच "नको बाई, माझी भाकरी होत नाही". आणि तिचंही चुकीचं नाही, पोळी वेडीवाकडी झाली तरी तव्यावर जाते आणि खाल्ली जाते, भाकरी बिनसली की परातीतून उचलतानाच तुकडे हातात येतात, तेही नेमके कुणीतरी शेजारी उभं असताना. त्यात संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि जो तो ज्वारी खा, बाजरी खा, शुगर आहे ना मग भाकरी खा असं सांगत सुटला, त्यामुळे ज्या घरात कधी भाकरी नव्हती तिथेही पिठाची पिशवी आली. आली, दोनदा भाकरी तुटली, पिशवी डब्यांच्या मागे गेली. महिन्याभराने परत उत्साह आला तेव्हा तेच पीठ काढलं, ते एव्हाना आणखी जुनं झालेलं, भाकरी आणखी तुटली. झालं, "मला जमतच नाही" यावर शिक्कामोर्तब.

माझं म्हणणं एवढंच की हाताला नावं ठेवायच्या आधी पीठ आणि पाणी तपासा. थापायला सराव लागतो, नाही म्हणत नाही, पण विरी गेलेल्या पिठाची भाकरी सोलापूरच्या माझ्या मावशीलाही धड थापता येत नाही, आणि ती टीव्हीवरची सिरियल बघत बघत थापते. असलं पीठ हातात आलं की ती सरळ म्हणते, "ह्याला विरी नाही, उकड काढ." आपण मात्र तेच पीठ घेऊन युट्यूब बघत बसतो आणि ती बाई बोटं कशी फिरवते तेवढंच बघतो.

विरी म्हणजे पाणी लागल्यावर पीठ एकमेकाला धरून राहतं ते. कणीक मळली की ग्लुटेनची चिवट जाळी होते म्हणून पोळी ताणली तरी फाटत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यात ग्लुटेन नाहीच, त्यामुळे कणकेचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही, उलट कधीकधी आडवाच येतो. इथे धरून ठेवायचं काम पिठातल्या स्टार्चचं. तो गार पाण्यात नुसता भिजतो, पण साधारण सत्तर अंशाच्या वरचं गरम पाणी मिळालं की पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो. ताज्या दळणाला हे फार लागत नाही, कोमट पाण्यातही ते ऐकतं. जुन्या पिठाला लागतंच.

तर भाकरीला बसायच्या आधी मिनिटभराची एक चाचणी करा. दोन चमचे पीठ कोमट पाण्यात भिजवा, तळहातावर चांगलं रगडा, गोळी करा आणि अंगठ्याने दाबून चपटी करा. कड गुळगुळीत राहिली तर पीठ ताजं आहे, खुशाल थापा. कडेला बारीक बारीक भेगा पडल्या तर विरी गेली. पीठ फेकू नका, फक्त त्याच्याशी साध्या पाण्याने भांडत बसू नका, उकळत्या पाण्यात उकड काढा, ती पुढे सांगतेच.

दळणाचं बोलायचं तर ज्वारी दळून आणली की आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढीच आणा, आणि गिरणीवाल्याला "भाकरीचं आहे, बारीक दळा" असं तोंडाने सांगा, नाहीतर तो ज्या मापावर दगड आहे त्यावर टाकून मोकळा होतो. आधी हरभरा डाळ दळली असेल तर त्यामागे आपलं दळण नको. (घरात सिलिअॅकचा, म्हणजे ग्लुटेन न चालण्याच्या आजाराचा, पेशंट असेल तर गव्हाच्या गिरणीवरचं ज्वारीचं पीठ अजिबात चालणार नाही, दगडात राहिलेला गहू त्यात येतोच, त्यांनी वेगळी सोय बघावी.) पीठ गिरणीतून गरम येतं, ते तसंच डब्यात भरून झाकण लावू नका, वर्तमानपत्रावर पसरून गार करा आणि मग भरा. बाजरीचं तर आणखी थोडंथोडं दळा, तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो, पीठ ठेवलं की कडू व्हायला लागतं. विकतचं पाकीट घेत असाल तर आधी पॅकिंगची तारीख बघा, ऑफर नंतर.

आणि दुकानात नुसतं "ज्वारी द्या" म्हणू नका. रब्बीची मागा, शाळू म्हणा, मालदांडी म्हणा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, दाणा पांढरा टपोरा, भाकरी गोडसर आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. खरिपाची हायब्रीड स्वस्त मिळते, पण तो दाणा काढणीच्या वेळी पावसात सापडला की काळा पडतो आणि त्या भाकरीला ती चव येत नाही. आमच्याकडची जुनी माणसं बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची आठवण निघाली की अजूनही तोंड वाकडं करतात, त्यामुळे धान्यावर भाकरी ठरते हे त्यांना सांगावं लागत नाही.

आता उकड. नवशिक्यांनी, पीठ ताजं असलं तरी, सुरुवात इथूनच करा असं माझं मत आहे. काही लोक नाक मुरडतात, "उकड काढून काय, ती तर तांदळाची भाकरी", मुरडू देत. दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, चमचाभर कमी चालेल. पाण्यात चिमूटभर मीठ टाका, खळखळून उकळू द्या, गॅस बंद करा, पीठ एकदम ओता आणि लाकडी चमच्याच्या किंवा लाटण्याच्या टोकाने ढवळा. गुठळ्या दिसतील, कोरडं पीठही दिसेल, घाबरू नका, झाकण ठेवा आणि पाच-सात मिनिटं त्याकडे बघूच नका. मग परातीत काढून हाताला पाणी लावत गरम असतानाच मळा. एवढा खटाटोप नको असेल तर परातीत पिठाला आळं करा, उकळतं पाणी ओता, चमच्याने कालवा, झाका, मग मळा. यातही काम होतं. गरम म्हणजे उकळतंच हवं, गिझरचं पाणी घेऊन "मी पण गरम पाणी घातलं, तरी तुटली" म्हणू नका.

मळण्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि त्यांना ते कळतही नाही. कणीक आपण गोळा झाला की सोडतो आणि झाकून ठेवतो, ती मुरते. भाकरीचं पीठ मुरवायचं नसतं, साध्या पाण्यात भिजवलेलं असेल तर एका भाकरीपुरतंच घ्यायचं आणि लगेच थापायचं. बोटांनी कालवणं वेगळं आणि मळणं वेगळं. मनगटाजवळचा तळहाताचा भाग असतो ना, त्याने परातीला घासत पीठ पुढे ढकला, ओढा, परत ढकला, लागला तर पाण्याचा हबका. आधी ते खरखरीत असतं, ढकललं की फाटतं. रगडत राहिलं की एका क्षणी फाटायचं थांबतं, लांबट होऊन पुढे सरकतं, वरून तुकतुकीत दिसतं आणि परातही स्वच्छ होते. तिथे थांबायचं. दाबून बघितलं तर उंडा, म्हणजे एका भाकरीचा गोळा, कानाच्या पाळीएवढा मऊ लागला पाहिजे. उकडीचं पीठ सगळं एकदम मळून ओल्या फडक्याखाली ठेवता येतं, तरी प्रत्येक उंडा थापायच्या आधी परत थोडा मळायचाच. घट्ट उंड्याची भाकरी कडेला फाटते, सैल उंड्याची उचलताना. हे एवढं जरी डोक्यात राहिलं तरी पुढचे निम्मे प्रश्न स्वतःचे स्वतः ओळखता येतील.

थापायला लागा. परातीत कोरडं पीठ भुरभुरा, हात राखू नका, उंडा ठेवून तळव्याने दाबा आणि वरूनही जरा पीठ लावा. पहिल्या भाकऱ्या हाताच्या पंजाएवढ्याच करा, प्लीज. तव्याएवढी भाकरी हा हट्ट कुठून येतो मला माहीत आहे, फोटो बघून येतो, पण लहान भाकरी उचलायला सोपी आणि तुटली तरी दुःख कमी. उजव्या हाताच्या बोटांनी थाप मारायची, डावा हात कडेला नुसता टेकवून ठेवायचा म्हणजे कड पसरून फाटत नाही. थाप मारता मारता बोटं जराशी एका बाजूला ओढली की भाकरी आपोआप गोल फिरते, आणि हीच खरी खूण आहे: फिरतेय तोवर सगळं ठीक, फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली. मग जोरात थापत राहायचं नाही, कडेने पीठ सोडायचं, परात जराशी हलवायची आणि भाकरी सुटली की पुढे. चिकटलेली भाकरी थापत राहिलात तर ती पातळ होते, सुंदर गोल पण होते, आणि उचलताना तिचा मधला भाग परातीतच राहतो. बरेच जण यालाच "माझी उचलताना तुटते" म्हणतात. ती उचलताना तुटलेली नसते, त्याआधी दोन मिनिटं चिकटून बसलेली असते.

थाप कुठे पडते तेही बघा. घाबरलेला माणूस मधे मधे थापत राहतो कारण कडेला हात गेला की फाटेल असं वाटतं, मग मधे पातळ आणि कडा जाड. किंवा उलटं, कडाच थापल्या आणि मधे टेंगूळ. दोन्ही भाकऱ्या फुगत नाहीत. कडेला भेग पडली तर तिथेच थांबा, बोट ओलं करा, भेग चिमटीत दाबून बुजवा आणि पुढे चला. सगळीकडून भेगा पडायला लागल्या तर थापू नका, उंडा मोडा, पाण्याचा हात लावून परत मळा. परत मळल्याने भाकरी बिघडत नाही. भाकरीत दुरुस्तीला भरपूर जागा आहे, एकदा लाटायला घेतलेल्या पुरणपोळीत तेवढी नाही.

ज्यांना थापणं अजिबात नकोय त्यांनी उकडीचा उंडा पीठ लावून हलक्या हाताने लाटा, किंवा दुधाची पिशवी कापून, धुऊन, तिच्यावर थापा. चालतं. लाटलेली भाकरी ही भाकरी नाही म्हणणाऱ्यांना जेवायला बोलवू नका.

उचलणं. आधी ओट्याकडे बघा, परात कुठे आणि तवा कुठे. परात एका टोकाला, शेगडी दुसऱ्या टोकाला आणि मधून माणूस हातावर ओली भाकरी घेऊन चालतोय, ती तुटणार नाही तर काय. परात शेगडीला खेटून ठेवा. भाकरीची कड दोन बोटांत धरून उचलायची नाही, परात जराशी तिरकी करा, भाकरी पुढे सरकवा आणि खालून पूर्ण पंजा पसरून तळव्यावर घ्या, दुसऱ्या हाताचा आधार द्या. तव्यावर टाकताना उलटी पडली पाहिजे, म्हणजे परातीला टेकलेली पिठाची बाजू वर. पिशवीवर किंवा ओल्या सुती फडक्यावर थापली असेल तर फडक्यासकट उलटी करायची आणि फडकं अलगद सोलून घ्यायचं, हाताला चटका बसायची भीती असणाऱ्यांसाठी हाच मार्ग सगळ्यात बरा.

वर आलेल्या पिठाच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवायचा, सगळीकडे, कडांनाही. लगेच म्हणजे लगेच, आधी पाण्याची वाटी जवळ घ्या मग भाकरी टाका, टाकल्यावर वाटी शोधत बसलात तर तेवढ्यात वरचं कोरडं पीठ सुकतं आणि चिरा पडतात. हाताने जमत नसेल तर स्वच्छ फडक्याची पुरचुंडी पाण्यात बुडवून फिरवा. पाणी थेंब थेंब टाकायचं नाही आणि ओतायचंही नाही, पीठ दिसेनासं होईल एवढंच.

मग उलटायची वेळ, आणि इथे राजकारणातल्या लोकांचं बरोबर आहे, भाकरी वेळेत फिरवावी लागते. पाणी लावल्यावर वर चकाकी असते, ती चकाकी जाते पण हात लावला तर ओलसर लागतं, तेव्हा उलथणं घालायचं. चकाकी असतानाच उलटली तर तव्याला चिकटते. पार सुकेपर्यंत थांबलात तर चिरते, आणि चिर पडली की फुगायचं विसरा, कारण भाकरी फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेने आणि चिरेतून वाफ निघून जाते. उलटलेली बाजू मात्र घाई न करता चांगली भाजू द्या, कडा उलथण्याने दाबत, तवा फिरवत, तपकिरी डाग पडेपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू सरळ आचेवर. चुलीवाले तव्यावरून काढून निखाऱ्यांवर उभी करतात, तशी चव गॅसला नाही हे कबूल, पण फुगते गॅसवरही छान. टम्म फुगली की तोंड लांब ठेवा, वाफ फुटली तर चांगलीच भाजते.

तवा. पातळ नॉनस्टिकवर भाकरी होत नाही असं नाही, पण त्याला तेवढं तापवायचंच नसतं, म्हणून लोक मंद आचेवर भाकरी ठेवतात आणि ती भाजायच्या ऐवजी सुकते, पापडासारखा आवाज यायला लागतो. लोखंडी जाड तवा घ्या. पाण्याचे थेंब टाकले आणि नाचत उडून गेले की तापला. भाकरी टाकल्या टाकल्या खाली काळे डाग आणि वर कच्ची, तर तवा जास्त तापलाय, मिनिटभर आच कमी करा. पहिली भाकरी जवळपास सगळ्यांचीच बिघडते कारण तवा अजून ठरत असतो, ती आपण स्वतः खायची, पाहुण्यांना दुसरीपासून.

सगळं बरोबर करूनही फुगत नसेल तर क्रमाने बघा: जाडी सगळीकडे सारखी आहे का, कुठे चिर आहे का, दुसरी बाजू नीट भाजायच्या आधी आचेवर टाकताय का. बहुतेक वेळा तिसरं निघतं. न फुगलेली भाकरीही नीट भाजली असेल तर खायला उत्तमच असते, फुगणं म्हणजे परीक्षेतला बोर्डात नंबर नव्हे.

इंडक्शनवाल्यांचा आणि बाहेरगावी, परदेशी राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. आच नाही, पाकिटातलं पीठ कधी दळलंय देव जाणे. तुम्हाला उकडीशिवाय पर्याय नाही असं समजा. भाकरी शेवटपर्यंत तव्यावरच ठेवायची, दुसरी बाजू भाजल्यावर परत उलटून सुती फडक्याच्या घडीने कडेकडेने दाबायचं, वाफ मधे ढकलली जाते आणि भाकरी फुगते. कॉइलची शेगडी असेल तर वर जाळी ठेवून भाजा. पिठाचं पाकीट फोडलं की हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका, बाजरीचं तर नक्कीच.

भाकरी गार झाल्यावर कडक होते ही तक्रार पण खूप येते. एकतर पाणी कमी पडलेलं असतं नाहीतर मंद आचेवर सुकवलेली असते. भाजून झाली की लगेच एकावर एक रचून घट्ट डब्यात कोंबू नका, पाणी सुटून खालची गिळगिळीत होते, दोन मिनिटं टोपलीत किंवा जाळीवर उभी ठेवा, मग सुती फडक्यात गुंडाळा. सोलापूरची कडक भाकरी ही वेगळी चीज, ती मुद्दाम पातळ थापून वाळवलेली असते आणि महिनोन्महिने टिकते, आपली चुकून कडक झालेली दातालाच लागते. मऊ राहावी म्हणून पिठात पाव हिस्सा कणीक मिसळायचा सल्लाही देतात लोक. थापायला सोपी जाते हे खरं, पण वातड होते आणि ज्यांनी गहू सोडलाय त्यांना काय उपयोग. त्यापेक्षा खानदेशात कळण्याची भाकरी करतात ती करून बघा, चार वाटे ज्वारी आणि एक वाटा सालासकट उडीद एकत्र दळायचे, मीठ घालायचं. उडदाच्या चिकटपणाने ते पीठ असं काही धरतं की नवशिक्याचीही भाकरी उचलताना मोडत नाही. वर कच्चं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. भीती घालवायला हे दळण नुसत्या ज्वारीपेक्षा बरं असं मी तर बिनधास्त सांगते.

आणि समजा आज पीठच ऐकत नाहीये, दोनदा मळून झालं, उंडे मोडून झाले, घरात सगळे ताटं घेऊन बसलेत. तिथे जिद्दीला पेटू नका, सरळ थालीपीठ लावा. त्याच पिठात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, ओवा आणि मूठभर बेसन घाला, जरा सैल भिजवा, तेल लावलेल्या गार तव्यावरच थापा, मधे बोटाने भोकं पाडा, तेल सोडा, झाकण ठेवून मध्यम आचेवर भाजा. उचलायचंच नाही त्यामुळे तुटायचा प्रश्न नाही. दुसऱ्या थालीपिठाच्या आधी तवा उलटा करून नळाखाली धरायचा आणि पुसून घ्यायचा, नाहीतर थापताना बोटं भाजतात. सोबत लोणी असेल तर लोणी, नाहीतर दही.